हजेरीच्या वहीतले पाच रविवार

मंदा,

परवा ऋताचा फोन आला. तुझं घर आवरायचं काम तुझ्या भाचीवरच पडलंय. म्हणाली, "सुलूमावशी, आत्याच्या पक्ष्यांच्या वह्या तुझ्याकडेच आहेत ना? एका कॉलेजात अभ्यासाला हव्यात. रविवारी येऊन नेऊ?" मी म्हटलं, "ये की. पण शेवटच्या वहीत थोडं दुरुस्त करायचंय." "काय गं?" "आहे काहीतरी," म्हटलं आणि फोन ठेवला.

काहीतरी म्हणजे पाच रविवार. शेवटच्या वहीतले पाच रविवार मी खोटे लिहिलेत, आणि ते तुला सांगायच्या आत तू निघून गेलीस. दुरुस्तीला पेन हातात घेतलं तेव्हाच वाटलं, हे तुला सांगायला हवं. म्हणून हे लिहायला बसलेय. ऐकून घे. मध्ये बोलू नकोस, तुला खोड आहे ती.

तुझ्या तेराव्याला आलेले सगळे म्हणत होते, मंदाताई किती शांतपणे गेल्या. मला त्या रडण्यातही हसू आलं. तू शांतपणे जिना तरी चढलीस का गं कधी? दुसऱ्या मजल्यावर तू दार लावलंस की तिसऱ्या मजल्यावर आमच्या कपबशा वाजायच्या.

त्या जिन्यातच तू मला पकडलेलंस. तू शाळेत विज्ञान शिकवणारी, मी पोस्टात कारकून. एकाच बिल्डिंगमध्ये राहून नमस्कारापलीकडे ओळख नव्हती. सोसायटीची नोटीस माझ्या हातची होती, ती वाचून तू म्हणालीस, "अक्षर चांगलं आहे तुमचं. रविवारी सकाळी सहा ते आठ मोकळ्या असता का?" मी आणि रविवारी मोकळी! सासू-सासरे, दोन नणंदा, त्यांची पोरं, आधी पोहे, मग कोंबडी, वर कुणाला तरी भाकरीच हवी. पण तोंडातून "हो" निघून गेलं. आजही कळत नाही कसं. घरी सांगितलं, पक्षी मोजायला जाते. सासूबाई म्हणाल्या, "मोजून काय करणार? पत्रं टाकणार आहेस त्यांना?" आमचे हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "जाऊ दे गं आई, दोन रविवारांत कंटाळेल."

सव्वीस वर्षं झाली.

मंदा, ते दोन तास तू मला दिलेस हे मी तुला कधी म्हटलं नाही. पक्ष्यांचं राहू दे. आठवड्यातले दोन तास मला कुणी "चहा टाक" म्हणत नव्हतं. चोळे गावच्या तळ्यापासून निघायचं, भातशेतांच्या बांधावरून विजेच्या तारांखालून जायचं, आणि कचोरे गावच्या टेकाडाखालच्या दगडावर जाऊन टेकायचं. बस. त्या बांधावर मी पहिल्यांदा चपला काढून चाललेले, बाईमाणसाने असं चालावं का हा विचार न करता.

तुझी पद्धत मात्र शाळेचीच. बारा पक्षी, सगळे किडे खाणारे. वेडा राघू, कोतवाल, नीलपंख, खाटीक, दयाळ, भिंगरी, बाकीचे तुला पाठ, आता मलाही. मी म्हटलेलं, "कबुतरं का नाही मोजायची? एका दमात वही भरेल." केवढी उखडलेलीस! "कबुतरांना दाणे टाकायला अख्खी सोसायटी बसलीय. किडे कुणी टाकतं का कुणाला? जमिनीत असले तर हे पक्षी असतील, नाहीतर नाही." मोजणारीने लिहायचं नाही आणि लिहिणारीने वर बघायचं नाही, हा एक नियम. मागचे आकडे तुला सांगायचे नाहीत, हा दुसरा. "आकडा कानात बसला ना सुलू, की डोळे तेवढेच पक्षी शोधतात." म्हणून वह्या माझ्या घरी, आणि तू त्या फक्त दिवाळीच्या सुट्टीत उघडायचीस.

आणि शेवटी दगडावर बसून हजेरी. मी यादीतलं एकेक नाव वाचायचं, तू वाटेत सांगितलेला आकडा पुन्हा सांगायचा. जो दिसला नाही, तो गैरहजर. "दिसला नाही आणि बघायचा राहिला, यात फरक आहे. नाव घेतलंच पाहिजे." तेव्हा मला गंमत वाटायची. "नीलपंख?" "गैरहजर." "पालकांना चिठ्ठी पाठवू का बाई?" आणि तू तोंडावर पदर धरून हसायचीस.

बाळारामदादा आठवतात? चोळ्याचे, त्या मधल्या शेताचे मालक. पहिल्या महिन्यात काठी घेऊन आलेले अंगावर. "काय गो बायांनो, आमची जमीन काय मोजता? कुणी धाडलंय तुम्हाला?" वही दाखवली तरी विश्वास बसेना. तू त्यांना तासभर कोतवाल समजावलास. म्हशीच्या पाठीवर बसतो, म्हैस चालली की गवतातले किडे उडतात, ते हा टिपतो. दादा म्हणाले, "त्याला मी लहानपणापासून बघतोय, तू काय सांगतेस मला!" पण पुढच्या रविवारपासून लांबूनच ओरडायचे, "या गो! तुमचा कोतवाल आज मोठ्या म्हशीवर बसलाय!" आणि घरी जाताना ओच्यात काकड्या.

पहिली दोन वर्षं मी एकही पक्षी धड बघितला नाही. मान खाली, कानावर तुझे आकडे. मग एकदा, माझे वडील गेल्यानंतरचा रविवार होता तो, तू माझ्या हातातून वही काढून घेतलीस. म्हणालीस, "आज मोजायचं नाही. बघ वर." तारेवर वेडा राघू होता. एवढुसा हिरवागार, शेपटीतून एक काडी निघालेली. त्याने हवेतल्या हवेत मधमाशी पकडली, परत जागेवर येऊन बसला, आणि तिला तारेवर आपट आपट आपटली. "नांगी काढतोय," तू म्हणालीस. मग उडवून गिळली. मी तिथे बांधावर बसून हमसून रडले. वडिलांसाठी रडले की त्या पक्ष्यासाठी, मला सांगता येणार नाही. तू पाण्याची बाटली दिलीस आणि म्हणालीस, "चला, साडेसात वाजले."

त्या दिवसापासून मी वर बघायला लागले. आज कोलशेतला सतराव्या मजल्यावर राहते, कपडे वाळत घालताना पाकोळी पक्ष्यांचा आवाज आला की हात थांबतो. सून म्हणते, "आई, पुन्हा हरवल्या." हरवले नाही गं, तेवढीच तर असते मी कुठेतरी. हे सगळं तुझं देणं आहे.

मग ते कमी होत गेले. कधी, ते सांगता येत नाही. मेलेला पक्षी आपण सव्वीस वर्षांत एकही पाहिला नाही. ते यायचे थांबले, एवढंच. नव्वद फुटी रस्ता झाला, त्याच्या कडेला भराव पडला, मातीचे उभे काठ गेले. त्या काठांतच वेडे राघू बिळं करायचे, तूच दाखवलेलीस. बाळारामदादांच्या म्हशी गेल्या, मग दादा गेले, मग तिथे टॉवर उभा राहिला. त्याच्या गेटवर पोपटांचं चित्र आहे. तू म्हणालीस, "निदान किडे खाणारा तरी काढायचा होता मेल्यांनी."

मला ते आधी कळत होतं, मंदा, कारण वही माझ्याकडे होती. तुला दर रविवार नवाकोरा. मी घरी जाऊन मागचं पान बघायची आणि गप्प बसायची. नियम होता ना तुझा. दिवाळीत तू माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बेरजा करायला बसायचीस, बाजूला चकल्यांचा डबा. एका वर्षी बेरीज झाली आणि तू पुन्हा पहिल्यापासून केलीस. मग उठून तोंडावर पाणी मारून आलीस. "सुलू, तुला माहीत होतं?" मी मान डोलावली. "बरं," म्हणालीस, आणि त्या दिवशी चकली अर्धी तशीच ठेवलीस. हजेरीतले माझे विनोद त्यानंतर बंद झाले.

आपलं भांडण मिटलंच नाही, तेही आज काढतेच. पूर्वी पावसाळ्यात संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की पंखवाल्या किड्यांचा हा गराडा पडायचा. आमच्याकडे दिव्याखाली पाण्याचं ताट ठेवायचे, ते सकाळी पंखांनी भरलेलं असायचं. मग एका वर्षी ताट ठेवायची गरज लागेना. मी म्हटलं, "बरं झालं बाई, सुटले." तू माझ्याकडे असं बघितलंस, जशी मी वर्गात कॉपी करताना सापडलेय. "अगं, तेच त्यांचं जेवण होतं!" त्यानंतर सोसायटीत दर आठवड्याला धूर मारायचा ठराव आला. तू एकटी विरोधात उभी राहिलीस, आणि मी बाजूने सही केली. माझ्या पोराला डेंग्यू झालेला, मंदा. आठ दिवस त्याच्या उशाशी बसून काढले होते मी, आणि त्यातले चार दिवस तूच डबा आणत होतीस. तुला माहीत होतं सगळं. तरी म्हणालीस, "साठलेलं पाणी काढा, गच्चीवरची पिंपं झाका, धुराने डास तेवढे मरत नाहीत, बाकीचं सगळं मरतं." बरोबर असशीलही. पण मी आई होते. तीन रविवार आपण बोललो नाही. चौथ्या रविवारी पावणेसहाला बेल वाजली. दारात तू, गळ्यात दुर्बीण. "वही घे," म्हणालीस. सॉरी तूही नाही म्हणालीस, मीही नाही. मी आजही तीच सही करीन, आणि तू आजही तसंच बघशील.

मी इतक्या लांब कोलशेतला राहायला आले तेव्हा वाटलेलं, आता संपलं. तू म्हणालीस, "जा ना. रविवारी ये म्हणजे झालं." आणि मी येत राहिले. माजिवड्याच्या नाक्यावर सकाळी सकाळी रिक्षा मिळायची नाही, रिक्षावाले म्हणायचे, मावशी, एवढ्या पहाटे देवळात का? मी हो म्हणायची. कोण समजावत बसणार.

आता ते पाच रविवार.

दिवाळीनंतर तुझं हृदय कुरकुरायला लागलं, डॉक्टरांनी जिना बंद केला. तू म्हणालीस, "तू जा. मोज आणि लिही. नियम मोडतोय, पण इलाज नाही." मी एकटी जायची, मग तुझ्याकडे यायची. तू उशीला टेकून डोळे मिटून नावं घ्यायचीस, यादी न बघता, आणि उत्तर मी द्यायचं. पहिले काही रविवार मी खरं सांगितलं. "वेडा राघू?" "गैरहजर." "खाटीक?" "गैरहजर." "भिंगरी?" अगं, बारा नावांत मला आठ-नऊदा तोच शब्द म्हणावा लागायचा. एका रविवारी तू शेवटची तीन नावं घेतलीच नाहीस. भिंतीकडे वळलीस. ज्या बाईने नाव घेतलंच पाहिजे म्हणून मला सव्वीस वर्षं छळलं, ती हजेरी अर्धी टाकून भिंतीकडे वळली. ऋता स्वयंपाकघरातून खुणेने म्हणाली, दोन दिवस नीट जेवली नाहीये.

पुढच्या रविवारी तू विचारलंस, "वेडा राघू?" मी म्हटलं, "सात."

तू डोळे उघडलेस. "सात? कुठे?"

"टेकाडावरच्या तारेवर."

"शेपटीतली काडी दिसली? नक्की?"

"हो गं. एकाने माशी पण आपटली."

"बघ!" तू उठून बसलीस. "बघ, मी म्हणत नव्हते? थंडीत येतात ते!" आणि त्या दिवशी तू पोळी मागून घेतलीस.

एकही नव्हता, मंदा. तार रिकामी होती. पण तू पोळी खाल्लीस, म्हणून मी पुढच्या रविवारी पुन्हा सांगितलं. कधी पाच, कधी सहा. आणि तू दिवाळीत बेरीज करशील तेव्हा तोंडातलं आणि वहीतलं जुळायला हवं, म्हणून घरी येऊन वहीतही तसंच लिहिलं. मला खरंच वाटत होतं, तू दिवाळीला असशील.

तुला बरं वाटेल म्हणून केलं. आणि तुला एवढं बरं वाटलं की तू म्हणालीस, "सुलू, मला घेऊन चल. रिक्षा टेकाडाखालपर्यंत जाते. मी उतरणारही नाही, आतूनच बघेन." हा विचार मी केलाच नव्हता! कर्म माझं. मी म्हटलं, फार थंडी आहे. मग म्हटलं, रस्ता खणलाय. पाचव्या रविवारी मी हजेरी द्यायला वर आले, तर तू खुर्चीत तयार बसलेलीस. अंगात स्वेटर, गळ्यात दुर्बीण, पायात कॅनव्हासचे बूट. नाड्या ऋताने बांधलेल्या. बसल्या बसल्या घाईत हजेरी उरकलीस आणि म्हणालीस, "चल. डॉक्टरांना विचारलंय, अर्धा तास चालेल म्हणाले."

मी म्हटलं, "आज रिक्षांचा संप आहे."

खाली रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. तू खिडकीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. तुला काय कळलं आणि काय नाही, हे आता मला कोण सांगणार? वाकून एकेक बूट काढलास. मी मदतीला आले तर म्हणालीस, "राहू दे, जमतंय. पुढच्या रविवारी जाऊ." गुरुवारी तू गेलीस.

काल मी वही उघडली. खाडाखोड करायची नाही, चुकीचा आकडा दिसला पाहिजे, ही तुझीच शिस्त. पाच पानांवर सात, पाच, सहा, पाच, सात, सगळ्यांवर एकेक आडवी रेघ मारली, बाजूला 'गैरहजर' लिहिलं आणि सही केली. खाली लिहिलं, 'हे आकडे मी खोटे लिहिले होते. मंदाचा यात दोष नाही.' अक्षर बरं आलंय.

आज सकाळी ऋता आली. तिला सगळं सांगितलं. तिने पाचही पानं एकेक करून बघितली. मग म्हणाली, "असंच देऊ कॉलेजात?" म्हटलं, "असंच दे." मग माझा हात धरून म्हणाली, "मावशी, पण ते पाच आठवडे आत्या आनंदात होती गं." होतीस. मी बघितलंय. त्याबद्दल मला स्वतःला शिव्या देता येत नाहीत, आणि शाबासकीही देता येत नाही.

तुझे मी किती आभार मानू? माझे वडील गेले तेव्हा वर बघायला लावलंस. भांडून पुन्हा दारात आलीस. माझ्या मागे सव्वीस वर्षांच्या वह्या आहेत, ज्यात माझ्या हातून काहीतरी खरं लिहिलं गेलं, आणि ते तू लिहून घेतलंस. पोस्टात तीस वर्षं शिक्के मारले, त्याची आठवण कुणी ठेवणार नाही. या वह्या उद्या कुणीतरी उघडेल, आणि चोळ्याच्या बांधावर कोण कोण यायचं ते त्याला कळेल.

पण एक सांगायचंच राहतंय. त्या पाचव्या पानावर राघूच्या खाली एक आकडा आहे, त्यावर मी रेघ मारलेली नाही. कोतवाल, एक. तो खरा आहे. त्या सकाळी टेकाडावर तो एकटा एका घारीच्या मागे लागलेला, त्याच्या चौपट मोठ्या घारीच्या, आणि तिला पार रेल्वेच्या रुळांपलीकडे हाकलून आला. मी बघत उभी राहिलेले. तुझ्याकडे आल्यावर तो आकडा मी सात राघूंच्या घाईत नुसता सांगून टाकला. एक कोतवाल काय दाखवायचा, असं मीच ठरवलं.

तुला खरं सांगायला हवं होतं. राघू एकही नाही मंदा, सगळे गैरहजर, फक्त एक कोतवाल आहे. तू पायातल्या बुटांकडे बघत म्हणाली असतीस, "मग चल की."

तुझी,
सुलू